बिल्डिंग पडायच्या आधी परवान्यावर कारवाई करा: नगरविकास विभाग आणि महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
प्रधान सचिव, नगरविकास विभाग
आणि राज्यातल्या सगळ्या महापालिकांचे आयुक्त,

सप्रेम नमस्कार.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ठाणे जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, जुन्या बिल्डिंगांची ऑडिट आणि रिपेअरची डिझाइन हेच माझं बहुतेक काम. दरवर्षी पावसाळा जवळ आला की तुमच्या प्रभाग कार्यालयांतून नोटिसा निघतात, तीस वर्षं झालेल्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून स्टॅबिलिटी सर्टिफिकेट जमा करावं, नाहीतर २५ हजार किंवा वर्षाचा मालमत्ता कर, जे जास्त असेल तेवढा दंड. नोटीस बरोबर आहे, कायद्यात तशी तरतूद आहे, मुंबईत कलम ३५३ब आणि बाकीच्या महापालिकांना २६५अ, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते ज्याच्या सहीवर हे सगळं चालतं त्या माणसाबद्दल, म्हणजे आम्हा इंजिनिअर लोकांबद्दल. त्याने सर्टिफिकेट दिलं, ते तुमच्या फाइलला लागलं, आणि नंतर ते निष्काळजीपणे किंवा सरळ खोटं दिलेलं निघालं तर त्याच्या परवान्याचं काय होतं? चौकशी कोण करतं, किती दिवसांत करतं, आणि त्या चौकशीचा निकाल सामान्य माणसाला कुठे बघायला मिळतो?

इतकी वर्षं या धंद्यात राहून मला जे दिसलंय ते असं की बिल्डिंग उभी राहिली तर त्याला कुणी काही विचारत नाही आणि पडली तर थेट पोलीस येतात. मधलं काहीच नाही. ते मधलं तुम्ही उभं करू शकता म्हणून हे पत्र लिहितेय.

घाटकोपरचं होर्डिंग आठवा, १३ मे २०२४. छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा सांगाडा कोसळला, १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. त्या सांगाड्याला स्टॅबिलिटी सर्टिफिकेट होतं, एका इंजिनिअरच्या सहीचं, आणि तो इंजिनिअर नंतर अटक झाला. त्याच्या आधी १४ मार्च २०१९, सीएसएमटीचा हिमालय पूल, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं ऑडिट आधीच झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्ती सांगून पूल वापरायला ठीक ठरवला होता. तिथेही ऑडिटरला अटक. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन, दहा वर्षंही न झालेली पाच मजली बिल्डिंग, १६ मृत्यू, आणि एफआयआरमध्ये बिल्डर, आर्किटेक्ट, नगरपालिकेचे अधिकारी यांच्याबरोबर आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सळई-काँक्रीटचं डिझाइन करणारा. या तिन्ही प्रकरणांत दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी काही बोलणार नाही. मला एवढंच विचारायचंय की या माणसांच्या सह्या त्या दिवसापर्यंत कुणी तरी तपासून बघितल्या होत्या का? त्यांच्या आधीच्या पाच-दहा रिपोर्टांपैकी एकतरी कुणी उघडून वाचला होता का?

फौजदारी केस हे शिस्तीचं साधन होऊच शकत नाही. एकतर ती माणसं मेल्यावरच सुरू होते. दुसरं म्हणजे तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, त्याला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोपर्यंत जामिनावर बाहेर असलेला माणूस दुसऱ्या गावात सह्या करू शकतो की नाही हे कुणालाच पक्कं सांगता येत नाही. आणि तिसरं, बहुतेक चुका गुन्हा या पातळीच्या नसतातच. साइटवर न जाता सही करणं, ज्युनिअरने आणलेले आकडे न बघता छापणं, ड्रॉइंग न मागता 'इमारत सुस्थितीत आहे' लिहिणं. यात रोज कुणी मरत नाही म्हणून पोलिसांचा संबंध येत नाही आणि तुमच्याकडे दुसरी खिडकी नाही.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला लॉबीवरचे लटकते वॉकवे कोसळून ११४ लोक गेले. कारण आमच्या बाजूच्या कुणालाही लगेच कळेल असं आहे. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालच्या वॉकवेपर्यंत एकच सलग रॉड होता, तो बनवायला अवघड म्हणून दोन रॉड केले, एक छतापासून वरच्या वॉकवेपर्यंत आणि दुसरा तिथून खाली, आणि त्यामुळे वरच्या वॉकवेच्या बीमच्या जॉइंटवर लोड दुप्पट झाला. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवायच्या नकाशांवर, इंजिनिअरचा शिक्का होता, पण ते कनेक्शन कुणी कॅलक्युलेट केलंच नव्हतं. तिथे फौजदारी गुन्हा कुणावरही सिद्ध झाला नाही, खटलाच उभा राहिला नाही. पण मिसूरी राज्याच्या परवाना बोर्डाच्या तक्रारीवर सुनावणी झाली, घोर निष्काळजीपणा ठरला आणि बोर्डाने दोन इंजिनिअरांचे परवाने काढून घेतले. शिक्का तुमचा असेल तर त्याखालचं कनेक्शनही तुमचं, दुसऱ्यावर ढकलता येणार नाही, हे त्या निकालाने ठरलं. तुरुंग हा वेगळा प्रश्न आहे आणि हा माणूस उद्या परत सही करायच्या लायकीचा आहे का हा वेगळा, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी जागा आपल्याकडे रिकामी आहे.

आता आपल्याकडे ऑडिट प्रत्यक्षात कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या टेबलावर येतो तो बाइंडिंग केलेला रिपोर्ट, त्याच्या मागचं तुम्हाला दिसत नाही. सोसायटी तीन कोटेशन मागवते, सगळ्यात स्वस्त असेल त्याला काम. फी इतकी कमी की त्यात कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतपर्यंतचा गोल तुकडा, काढणं परवडत नाही, मग रिबाउंड हॅमर मारून घेतात. हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो, आणि जुनं काँक्रीट कार्बोनेट झालं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बदललं, की वरचा थर उलट जास्त कडक होतो, म्हणजे आतली सळई गंजत असताना हॅमरचं रीडिंग छान येतं. हे प्रत्येक स्ट्रक्चरल इंजिनिअरला माहीत असतं, असायलाच हवं. म्हणून बरोबर यूपीव्ही (ध्वनिलहरींनी आतलं काँक्रीट तपासणं), कार्बोनेशन, हाफ सेल (सळई गंजतेय का ते बघणं) या टेस्ट आणि गरज असेल तिथे कोअर घ्यायचे असतात, आणि कुठे घेतले ते प्लॅनवर मार्क करायचं असतं. मी असे रिपोर्ट पाहिलेत ज्यात अख्ख्या बिल्डिंगसाठी मोजून चार-पाच हॅमर रीडिंग, तीही सगळी जिन्याजवळच्या कॉलमांची कारण तिथे प्लास्टर पडलेलं होतं आणि शिडी लागत नव्हती. बंद फ्लॅट किती होते ते लिहिलेलं नसतं. तळमजल्यावरच्या दुकानदाराने पीओपी करून कॉलम झाकलेला असतो, तो उघडून बघितला का ते लिहिलेलं नसतं. टॉयलेट ब्लॉकचे स्लॅब, डक्टमधले बीम, गच्चीवरच्या टाकीखालचे कॉलम, जिथे पाणी मुरतं तिथेच आधी जातं सगळं, आणि नेमक्या त्याच जागांचे फोटो नसतात.

ऑडिट करणाऱ्यावर दबाव असतो तो वेगळाच. रिडेव्हलपमेंट हवी असलेल्या कमिटीला सी-१, म्हणजे रिकामी करून पाडायची असा शेरा, पाहिजे असतो, भाडेकरू बाहेर काढायचे असतील तर मालकाला सी-१ पाहिजे असतो, आणि ज्यांना जायला जागाच नाही त्या लोकांना काहीही करून सी-२बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, पाहिजे असतो, आणि त्यांचं दुखणं खरं असतं हो, खोटं नाही, तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसाला घर रिकामं करा सांगणं सोपं नाही. पण म्हणूनच रिपोर्ट लिहिणाऱ्याने काँक्रीटकडे बघून लिहायचं असतं, पैसे कोण देतंय त्याच्याकडे बघून नाही. मुंबईत एकाच बिल्डिंगचे दोन परस्परविरोधी रिपोर्ट आले की प्रकरण टेक्निकल अॅडव्हायझरी कमिटीकडे जातं. चांगली व्यवस्था आहे. पण कमिटीने एक रिपोर्ट मान्य केला म्हणजे दुसऱ्यात काहीतरी चुकलं होतं ना? मतभेद प्रामाणिक असू शकतो, दोन डॉक्टरांचाही असतो, तो गुन्हा नाही. पण जिथे टेस्टच केल्या नव्हत्या, जिथे आकडे जुळत नव्हते, तिथे ती नोंद त्या इंजिनिअरच्या परवान्याच्या फाइलला लागते का? अशा कमिटीसमोर एखाद्याचे रिपोर्ट वारंवार पडत असतील तर ते एका ठिकाणी दिसतं का कुणाला?

मला एकदा एका सोसायटीने रिपोर्टमधला एक परिच्छेद काढायला सांगितला होता, टाकीखालच्या कॉलमांना तातडीने टेकू द्या असा. मी काढला नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी दुसऱ्या इंजिनिअरचा रिपोर्ट जमा केला, आणि त्यातल्या फोटोत जो जिना दिसत होता तो त्या बिल्डिंगचा नव्हताच, कठडाच वेगळा होता. मी लेखी कळवलं, पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. ज्यांनी पत्र घेतलं त्यांना दोष देत नाही, त्या टेबलावर या पत्राचं काय करायचं याचा नियमच नसेल तर क्लार्क तरी काय करणार. आणि हा अनुभव एकट्या माझा नाही, आमच्यात कुणाशीही बोला, असा एकतरी किस्सा निघतोच, आणि तो सांगताना प्रत्येक जण आवाज खाली करतो कारण उद्या त्याच वॉर्डात काम करायचं असतं.

बाकीच्या व्यवसायांकडे बघा. चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा, आर्किटेक्टांचा १९७२ चा. आर्किटेक्टने गैरवर्तन केलं तर कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि रजिस्टरमधून नाव जाऊ शकतं. इंजिनिअरांसाठी देशात असा कायदा आजपर्यंत नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे, रॉयल चार्टर १९३५ चा, आचारसंहिता आहे, पण ती सभासदांपुरती, तिथून नाव गेलं म्हणून कुणाची प्रॅक्टिस बंद होत नाही. २०२५ मध्ये केंद्राने प्रोफेशनल इंजिनिअर्स बिलाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण कायदा कधी होईल, झाला तर कौन्सिल कधी बसेल, तोवर किती पावसाळे जातील. आणि राज्याने थांबायची गरज नाही, कारण परवाना आत्ताही तुम्हीच देता. बांधकामांसाठीची यूडीसीपीआर २०२० ही नियमावली तुमची, त्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरची पात्रता लिहिलेली आहे, कामं लिहिलेली आहेत. जो परवाना देतो त्याला तो काढून घ्यायचीही रीत ठरवता येते.

मग मागणी काय? पहिली आणि सगळ्यात मोठी, राज्यभराचं एकच रजिस्टर. आज २९ महापालिका आहेत, नगरपालिका वेगळ्या, प्रत्येकाचं इंजिनिअरांचं पॅनेल वेगळं. एका ठिकाणी नाव काढलं तर खाडी ओलांडून पलीकडच्या महापालिकेत तोच माणूस परत पॅनेलवर येऊ शकतो आणि तिथल्या अधिकाऱ्याला कळायचा मार्ग नाही. एक रजिस्टर, वेबसाइटवर, कुणालाही बघता येईल असं, नाव, परवाना क्रमांक, वैधता आणि झालेली कारवाई. निलंबन असेल तर किती काळाचं आणि कशासाठी ते दोन ओळींत. सोसायटीच्या सेक्रेटरीने फोनवर बघून ठरवावं की या माणसाला काम द्यायचं का.

दुसरी, प्रत्येक सर्टिफिकेटला नंबर. सीए लोकांनी हे करून दाखवलंय. त्यांच्याकडे बोगस सह्यांची सर्टिफिकेटं फिरायला लागली तेव्हा यूडीआयएन आणला, १ फेब्रुवारी २०१९ पासून सर्टिफिकेटांना तो सक्तीचा केला, अठरा अंकी नंबर सीएने स्वतः पोर्टलवर काढायचा आणि बँकेने तो टाकून खरं-खोटं बघायचं. आपल्याकडे असा नंबर आला तर कोणत्या इंजिनिअरने एका महिन्यात किती बिल्डिंगांना सर्टिफिकेट दिलं ते आपोआप दिसेल. ज्याच्या नावावर मे महिन्यात शंभरेक सर्टिफिकेटं पडली त्याला बोलावून साधं विचारा, साइटवर कधी गेला होतात आणि बरोबर कोण होतं. याच यादीतून दरवर्षी काही रिपोर्ट चिठ्ठी टाकून काढावेत आणि दुसऱ्या शहरातल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत, व्हीजेटीआय, सीओईपी, सांगलीचं वालचंद, नागपूरचं व्हीएनआयटी, माणसांची कमतरता नाही.

तिसरी गोष्ट सुनावणीची. तक्रार आली की शहर अभियंत्याने एकट्याने ठरवू नये, त्यात सूडही होऊ शकतो आणि सांभाळून घेणंही. बाहेरचे दोन इंजिनिअर, एक निवृत्त न्यायाधीश, एक सामान्य नागरिक. इंजिनिअरला बाजू मांडायची पूर्ण संधी, मुदतीत निकाल, निकाल छापील. आणि शिक्षा एकदम परवाना रद्द अशीच नको. समज, दंड, ठराविक काळ दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, परत परीक्षा, निलंबन, आणि शेवटी रद्द. छोट्या चुकीला छोटी शिक्षा असली तरच ती दिली जाते, नाहीतर बिचाऱ्याचं पोट कशाला मारा म्हणून फाइल बंद होते.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात एलियट लेक नावाचं गाव आहे, तिथल्या अल्गो मॉलबद्दल तुमच्या अधिकाऱ्यांनी जरूर वाचावं, चौकशी आयोगाचा २०१४ चा अहवाल उपलब्ध आहे. छतावर पार्किंग, तिथून तीसेक वर्षं पाणी गळतंय, मीठ मिसळलेलं पाणी, खालचं स्टील खात गेलं, आणि २३ जून २०१२ ला एक वेल्डचा जॉइंट तुटून छत खाली आलं, दोन स्त्रिया गेल्या. पडायच्या काही आठवडे आधी इंजिनिअरने पाहणी करून स्ट्रक्चर ठीक आहे म्हटलं होतं, आणि मालकाच्या सांगण्यावरून रिपोर्टमध्ये बदल केले होते. आणखी एक, त्याच्या परवान्यावर आधीच्या वेगळ्या प्रकरणात कारवाई झालेली होती. तिथे तर कायदा होता, परवाना संस्था होती, तरी हे घडलं, आणि म्हणून आयोगाने ज्या शिफारशी केल्या त्यात परवान्यावरच्या कारवाईची माहिती लोकांना सहज बघता आली पाहिजे ही पण होती. गळणारा स्लॅब, दुरुस्तीचे पैसे टाळणारा मालक, मालकाला हवा तसा रिपोर्ट. डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, कुठेही जा, तिन्ही गोष्टी सापडतील.

आमच्याच लोकांचा याला विरोध होईल हे मला माहितेय, काहींशी बोलणं झालंय. ते म्हणतात बिल्डरने रेतीत माती घातली, कॉन्ट्रॅक्टरने सळया कमी टाकल्या, सोसायटीने दुरुस्ती केली नाही, दुकानदाराने भिंत तोडली, अधिकाऱ्याने दुर्लक्ष केलं, आणि मान कुणाची तर इंजिनिअरची, कारण कागदावर त्याचीच सही. ही तक्रार खरी आहे. शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ ला ७४ माणसं मेली ती इमारत तर परवानगीशिवायच उभी राहत होती, तिथे आमच्या परवान्याची शिस्त काय करणार होती. पण म्हणूनच आम्हाला अशी जागा पाहिजे जिथे इंजिनिअरची चूक इंजिनिअरिंगच्या मापाने मोजली जाईल, आज ती पोलीस स्टेशनमध्ये मोजली जाते. ज्याने टेस्ट केल्या, धोका लेखी कळवला, त्याला त्या बोर्डाचा निकाल हा आधार होईल. आणि ज्याने मालकाला नको असलेला रिपोर्ट दिला म्हणून त्याची फी अडवली किंवा त्याला धमकावलं, त्याने तिथे तक्रार करावी आणि ती घेतली जावी, हेही त्या नियमात लिहा.

एक मात्र आग्रहाने सांगते, नियम सरकारी इंजिनिअरांनाही लागू करा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बसेससकट, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन धोका नाही असं म्हटलं गेलं होतं. पाहणी करून सही करणारा माणूस पगारावर आहे की फीवर, पुलावरून जाणाऱ्याला काय फरक पडतो. खातेनिहाय चौकशी खात्यातच राहते, आणि बदली ही शिक्षा नाही.

हे सगळं एका वर्षात होणार नाही हे समजतं. पण यादी छापायला वेळ लागत नाही, ती तुमच्या ऑफिसात आहेच. पुढच्या पावसाळ्याच्या नोटिसा निघायच्या आत सगळ्या महापालिकांनी आपापल्या पॅनेलची पूर्ण यादी, परवाना क्रमांक आणि आजवरच्या कारवाईसकट, एकाच पोर्टलवर टाकावी, आणि नोटिशीतच त्या पोर्टलचा पत्ता छापावा. चिठ्ठी टाकून रिपोर्ट तपासायला सुरुवात कराल तेव्हा माझे रिपोर्ट पहिल्या फेरीत घ्या, साइटच्या डायऱ्या, टेस्टची मूळ रीडिंग आणि फोटो मी जपून ठेवलेत, मागाल त्या दिवशी आणून देईन. आणि तपासणी करायला माणसं कमी पडली तर ठाण्याबाहेरच्या कुठल्याही जिल्ह्यात मी फी न घेता यायला तयार आहे, माझ्यासारखे आणखी बरेच जण येतील, फक्त लेखी बोलवा.

कळावे,
आपली,
ठाणे जिल्ह्यातली एक परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर